गमऱ्यांची सायकल मुरूडला अडकते

तिसऱ्या मजल्यावरच्या अभयने सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकले, तेव्हा चंद्रशेखर गमरे सहाव्या मजल्यावर पोहे खात होते. पहिल्या फोटोत अभय होता, त्याची सायकल होती आणि मागे समुद्र होता. दुसऱ्यात तोच अभय, तीच सायकल आणि मागे डोंगर. खाली लिहिलं होतं, 'उलवे ते मुरूड किनाऱ्याने, मुरूड ते रोहा केळघरच्या घाटाने आणि तिथून घरी. दोन दिवस. आजवरचा सगळ्यात टफ रूट.'

गमरे बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेचे अधीक्षक. समोर आलेला कागद शेरा मारल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही, ही त्यांची नोकरीभरची सवय. ती रविवारीही सुटत नसे. त्यांनी डाव्या हाताने पोह्यांचा चमचा तोंडात घातला आणि उजव्या अंगठ्याने शेरा मारला, 'असले घाट ओलांडून आम्ही लहानपणी शाळेत जात होतो.'

हे अगदीच खोटं नव्हतं. पोलादपूरकडच्या त्यांच्या गावात शाळा टेकाडापलीकडे होती. आता त्या टेकाडाला घाट म्हणायचं तर सोसायटीच्या गेटसमोरच्या गतिरोधकालाही खिंड म्हणावं लागेल. पण शेरा हा शेरा असतो, त्यासोबत नकाशा जोडावा लागत नाही.

अभयने लगेच उत्तर दिलं, 'वा काका. मग पुढच्या महिन्यात तुम्हीच लीड करा.' पुढे हात जोडल्याचं चित्र. त्याखाली अंगठे उमटू लागले. ज्यांनी आजवर पाण्याच्या टँकरबद्दलसुद्धा मत दिलं नव्हतं, त्यांनीही अंगठा दिला. संध्याकाळी सेक्रेटरी उदयसिंह घोरपड्यांनी अधिकृत निवेदन टाकलं, 'आपल्या सोसायटीचे ज्येष्ठ सदस्य श्री. गमरे यांच्या नेतृत्वाखाली सागर ते सह्याद्री सायकल मोहीम निघत आहे. सर्वांनी शुभेच्छा द्याव्यात ही विनंती.'

गमऱ्यांना नेतृत्वापेक्षा 'ज्येष्ठ' हा शब्द जास्त लागला. निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

संघमित्राबाई नेरूळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. बहाणे ऐकण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही म्हणून टाका."

"असं कसं म्हणणार?" गमरे म्हणाले. "लेखी आलंय."

सायकल घ्यायला ते नेरूळला गेले. दुकानातल्या तरुणाने विचारलं, "सर, साइज काय?"

"माझी की सायकलची?"

"दोन्ही बघावी लागते, सर."

त्याने गमऱ्यांना पायापासून मोजलं, मापाची एक निळी सायकल काढली आणि तिच्यावर बसवलं. गमरे बसले आणि लगेच उतरले. सीट जवळजवळ नव्हतीच. कार्यालयातल्या त्यांच्या खुर्चीवर उशी होती आणि उशीवर टॉवेल होता.

"ही एवढीशी?"

"सर, हिच्यावर बसायचं नसतं. नुसतं टेकायचं."

मग त्याने एक काळी, तंग चड्डी दाखवली. तिच्या आत, नेमकी हवी तिथे, गादी शिवलेली होती. गमऱ्यांनी ती घरी घालून पाहिली. संघमित्राबाईंनी एकदाच पाहिलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. "हे घालून तुम्ही माझ्या शाळेवरून जाणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या. शेवटी चड्डी आत आणि वरून ऑफिसची जुनी पँट, अशी तडजोड झाली.

खरी अडचण सायकल ठेवायची होती. उदयसिंह मूळचे कोल्हापूरकडचे. बोलण्यात प्रचंड आदर आणि वागण्यात प्रचंड नियम. ते पार्किंगमध्ये सायकलभोवती एक फेरी मारून म्हणाले, "गमरे साहेब, राग मानू नगा. पार्किंगमध्ये फक्त वाहन ठेवता येतं, आणि वाहनाला स्टिकर लागतो."

"मग द्या स्टिकर."

"स्टिकरवर गाडीचा नंबर लिवावा लागतो. हिला नंबर कुठाय?"

"सायकलला नंबर नसतो, घोरपडे साहेब."

"म्हणजे हे वाहन न्हाई. सामान झालं. पार्किंगमध्ये सामान ठेवायला बंदी हाय, तुम्हीच मागच्या मीटिंगला ठराव मांडलावता."

ते खरं होतं. गमऱ्यांनी तो ठराव दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या जुन्या सोफ्यासाठी मांडला होता. "बरं, सामान तर सामान. मी लिफ्टने वर नेतो."

"लिफ्टमध्ये वाहन न्यायला बंदी हाय, साहेब."

गमऱ्यांनी आयुष्यात अनेकांना असंच परत पाठवलेलं होतं. समोरच्या बाजूला उभं राहून हे ऐकायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. मनातल्या मनात त्यांना उदयसिंहांच्या कामाचं कौतुकही वाटलं. मग त्यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि जिना चढायला सुरुवात केली.

त्यामुळे झालं असं की महिनाभर त्यांचा सगळा सराव जिन्यावर झाला. सकाळी सायकल सहा मजले खाली, गेटपाशी दम खाऊन पुन्हा सहा मजले वर. रस्त्यावर चालवायला अंगात त्राणच उरत नसे. चौथ्या मजल्यावरच्या सरोजिनीबाई दार उघडून उभ्या असत आणि रोज नवा उपाय सांगत. बिटाचा रस प्या. रात्री तळपायाला तूप चोळा. चढावर डाव्या नाकपुडीने श्वास घ्या. गमऱ्यांना त्या वेळी दोन्ही नाकपुड्या आणि तोंड मिळूनही श्वास पुरत नसे. ते फक्त मान हलवत.

समोरच्या दारात शौकतभाई हसवारे राहत. उलव्यात त्यांचं टाइल्सचं दुकान होतं. नवीन इमारती उठत होत्या तोवर त्यांना मरायलाही फुरसत नव्हती, पण शेजाऱ्याच्या भानगडीत पडायला होती. ते मूळचे मुरूडचे. मोहिमेचं कळल्यावर ते चहाच्या वेळेलाच गमऱ्यांकडे येऊन बसले.

"साहेब, टेन्शन घेऊ नका. तो सगळा आपला इलाका हाय. अलिबागला चुलतभाऊ, चौलला खाला, रेवदंड्याला साडू, नांदगावला मामेभाऊ. रस्त्यात तुमाला कोण उपाशी ठेवणार नाय."

"मी फक्त पाणी प्यायला थांबेन, शौकतभाई. सायकलवर हलकं राहावं लागतं, अभय म्हणतो."

"पानीच देतील," शौकतभाई म्हणाले आणि स्पीकरवर अलिबागला फोन लावला. "रशीद, आपले गमरे साहेब सायकलवर येतायत. मोठा माणूस हाय. रिकाम्या पोटी सोडलास तर मला तोंड दाखवू नको." असेच चार फोन झाले.

"आणि मुरूडला?" गमऱ्यांनी विचारलं.

शौकतभाई कपातला गाळ पाहू लागले. "मुरूडला काय, लॉज हायत भरपूर. लॉजवर उतरा."

"पण तुमचं घर मुरूडलाच ना?"

"हाय. चहा मस्त झालेला, वहिनींना सांगा." आणि ते उठून गेले.

डिसेंबरातल्या एका शनिवारी, उजाडता उजाडता, मोहीम निघाली. म्हणजे गमरे आणि अभय निघाले. बाकीच्यांनी अंगठे दिलेच होते. उदयसिंहांनी गेटवर नारळ फोडला आणि छोटंसं भाषण केलं. त्यात 'परत आले तर' असा एक शब्दप्रयोग आला, तो बहुधा अनवधानाने असावा. संघमित्राबाई बाल्कनीतून पाहत होत्या. त्यांनी हात हलवला नाही. गमऱ्यांच्या पाठीवरच्या पिशवीत त्यांनी गोळ्या, टॉवेल आणि कोरडे मोजे घातले होते, तेवढं पुरे होतं.

जासईपर्यंत कंटेनरच्या ट्रेलरांची रांग होती. गमरे त्या भिंतींच्या सावलीतून जीव मुठीत धरून चालले होते. एका ट्रेलरवाल्याने वरून डोकं बाहेर काढलं, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, पीछे हवा कम है." हवा खरोखरच कमी होती. महिनाभर सायकल खांद्यावरच असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अभयने हवा भरली. अभय सगळं करायचा, तेही नम्रपणे, आणि तेच गमऱ्यांना जड जात होतं. तो पुढे गेला की थांबून वाट पाहत असे. गमरे जवळ आले की "मस्त चाललंय काका" म्हणत असे. मस्त चाललेल्या माणसासाठी कोणी थांबत नाही, एवढं गमऱ्यांना कळत होतं.

करंज्याच्या जेट्टीवर रेवसची लाँच लागलेली होती. तिकीटवाल्याने सायकलकडे पाहून विचारलं, "हिचा काय लावू? मोटारसायकलचा दर हाय, टोपलीचा हाय, बोकडाचा हाय."

"सामान म्हणून लावा," गमरे अनुभवाने म्हणाले.

"चाकं हायत ना तिला."

"मग वाहन म्हणून लावा."

"इंजन कुठं हाय?"

गमऱ्यांनी डोळे मिटून घेतले. अभयने मध्ये पडून मोटारसायकलचं तिकीट काढलं. गमरे बोकडाशेजारी उभे राहिले. लाँच सुटली, खाडीवर ऊन पसरलं, बगळ्यांची एक ओळ मांडव्याच्या बाजूला गेली, पिशवी पायाशी ठेवलेली, आणि कितीतरी दिवसांनी गमऱ्यांच्या खांद्यावर काहीच नव्हतं. त्यांना वाटलं, हे आपल्याला जमणार आहे. असं वाटायला ते सायकलवरून उतरलेले असावे लागत, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

अलिबागच्या रशीदभाईंनी त्यांना रस्त्यातच गाठलं. पाणी होतंच. पाण्याबरोबर घावन होतं, घावनाबरोबर नारळाचं दूध होतं आणि त्यानंतर खिमा होता. गमरे म्हणाले, मी नाष्टा करून निघालोय. रशीदभाई म्हणाले, शौकत माझं तोंड बघणार नाय. एका माणसाच्या तोंडाचा प्रश्न होता, म्हणून गमरे बसले.

अभयने काहीच घेतलं नाही. तो खिशातून एक छोटी ट्यूब काढून चोखत होता. राइडमध्ये तो फक्त एनर्जी जेल घेत असे, मोजून. चौलच्या खाला, म्हणजे शौकतभाईंच्या मावशी, ऐंशीच्या घरातल्या. त्या ही ट्यूब उलटसुलट करून पाहत म्हणाल्या, "पोरा, मलम खातोस? कोन हाय काय तुला घरात करून घालनारा?" अभय लाजला. पण सांदणं पुढे आली तरी त्याने हात लावला नाही. गमऱ्यांनी त्याच्या वाटणीची खाल्ली. म्हाताऱ्या माणसाचं मन कोण मोडणार.

अडचण अशी होती की आधीच्या घरातून गमरे निघाले की पुढच्या घरात फोन जाई. त्यामुळे चुकून पुढे निघून जाण्याची सोय उरली नव्हती. रेवदंड्याला शौकतभाईंचे साडू टोपी हातात घेऊन ती झेंड्यासारखी हलवत उभे होते. तिथे कोळंबीचा पुलाव होता. झाकण उघडलं तसा वास अंगणभर झाला, आणि अभयने त्या दिवशी पहिल्यांदा खिशातली ट्यूब बाहेर काढली नाही.

"थोडासाच," तो म्हणाला. "चवीपुरता."

तिसऱ्यांदा चव घेतल्यावर तो अंगणातल्या झोपाळ्यावर टेकला. "काका, तुम्ही व्हा पुढे. मी गाठतोच तुम्हाला." त्याचे डोळे मिटत होते. तो दिवस उगवल्यापासून गमरे ज्या क्षणाची वाट पाहत होते तो असा, ध्यानीमनी नसताना, आला. ते अभयला मागे टाकून पुढे निघाले. टाकताना त्यांनी अगदी नम्रपणे "मस्त चाललंय तुझं" असं म्हटलं. अभय पुढे दोन रात्री रेवदंड्यालाच राहिला आणि त्याची सायकल टेंपोने घरी आली.

काशीदच्या अलीकडे रस्ता समुद्र सोडून वर चढतो, पुन्हा समुद्राला भेटतो आणि पुन्हा वर चढतो. पोटात घावन, खिमा, सांदणं आणि पुलाव घेऊन तो चढणं म्हणजे भरलेलं पिंप जिन्यावरून वर नेणं होतं. गमरे पुढे वाकायला जात आणि पोट मागे ढकली. डाव्या नाकपुडीचाही प्रयोग करून झाला. वळणावर त्यांना एका एसटीने ओलांडलं आणि खिडकीतून एका बाईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की, त्यांनी खिशातून मोबाईल काढून उगाच फोनवर बोलत असल्यासारखं केलं. नांदगावचा मामेभाऊ ताट घेऊन थेट रस्त्याच्या कडेला उभा होता. गमऱ्यांनी सायकलवरूनच त्याला नमस्कार केला, थांबले, उतरले, आणि रस्त्याच्या कडेलाच सुरमई खाल्ली. आता त्यांच्यात विरोध करण्याची ताकद नव्हती.

मुरूडमध्ये शिरले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. माडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. लॉजची पाटी दिसत होती. तिच्या अलीकडे एक उंच, धिप्पाड बाई कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभी होती. गमऱ्यांनी घंटी वाजवली. बाई हलली नाही. त्यांनी ब्रेक दाबला.

"शौकतचा दोस्त तूच ना?"

"शेजारी," गमरे म्हणाले. का कोण जाणे, तेवढीच जबाबदारी घ्यावी असं त्यांना वाटलं.

"अलिबागला फोन. चौलला फोन. रेवदंडा, नांदगाव, सगल्यांना फोन. आनी सख्खी भैन मुरूडला मेली काय?"

त्या शौकतभाईंच्या मोठ्या बहीण, शरीफा आपा. पुढचं बोलणं असं झालंच नाही. आपांनी सायकलचा हँडल धरला आणि ती वासरासारखी ओढत घराकडे चालू लागल्या. गमरे मागून गेले. सायकल पडवीत गेली, पडवीच्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली आपांच्या बटव्यात गेली.

"तू पाव्हना हायस, तुझ्याशी माझा भांडन नाय," त्या म्हणाल्या. "हात धू. सायकल शौकतला देईन. त्याला येऊन घेऊन जाऊ दे."

हकीकत आपांच्या मुलाने, मुझम्मिलने, सांगितली. तो बंदरावर बर्फाचा धंदा करणारा मोठा, शांत माणूस. आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो विहिरीजवळ नेऊन बोलला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या लग्नात आपांनी सगळ्यांना नको म्हणून सांगून पुलाव स्वतः केला होता. नव्या सोयऱ्यांच्या पंक्तीत शौकतमामू पहिला घास घेऊन म्हणाले, जरा मीठ कमी हाय.

"मग?"

"मग काय नाय. एवढाच."

"कमी होतं का?"

मुझम्मिलने घराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "व्हतं थोडं. पन त्या दिसापासून दोघं बोलत नाय. अम्मी म्हनते त्याने फोन करावा. मामू म्हनतात मी लहान, तिने हाक मारावी. दोघांचा बरोबर हाय."

गमऱ्यांनी शौकतभाईंना फोन लावला. "शौकतभाई, सायकल जप्त झाली."

"पोलिसांनी?"

"तुमच्या बहिणीने."

पलीकडे टाइल्स कापायचं मशीन चालू होतं. मग ते बंद झालं. "सोडून द्या साहेब ती सायकल. आपण दुसरी घेऊ."

"असं कसं सोडून देऊ? मला उद्या घाट चढायचाय. गेटवर नारळ फुटलाय माझ्या नावाने."

"आणखी काय काय बोलली?"

गमरे बोलायला गेले आणि थांबले. आयुष्यभर त्यांनी एकाच मजल्यावर बसणाऱ्या दोन साहेबांच्या फायली सांभाळल्या होत्या. हे म्हणत त्यांच्याकडून पत्र येऊ द्या, ते म्हणत यांच्याकडून. अशा वेळी गमरे दोघांनाही सांगत, समोरून विचारणा झाली आहे. फायली हलत असत.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "त्यांनी मला तुमच्या खोलीत उतरवलंय. मुझम्मिल म्हणतो, दर शुक्रवारी त्या स्वतः ती झाडतात. तुमच्या शाळेच्या वेळचं कपाट तसंच आहे. पलंगावर धुतलेली चादर होती. मी येणार हे त्यांना आज कळलं, चादर मात्र आजची नव्हती."

हे सगळं खरं होतं. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मग ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले. आपा नारळ खवत होत्या. "शौकतभाई विचारत होते," गमरे म्हणाले, "आपांचा गुडघा कसा आहे."

हे साफ खोटं होतं. आपा चालताना उजवा पाय ओढतात एवढं त्यांनी सायकलमागून येताना पाहिलं होतं, तेवढंच त्यांचं भांडवल. आपांचा हात खवणीवर थांबला.

"त्याला कसा कललं गुडघ्याचा?"

"ते काही मला माहीत नाही," गमरे म्हणाले. हे पुन्हा खरं होतं.

"शानाच हाय," आपा म्हणाल्या आणि जोरात खवू लागल्या. नारळ संपला तरी त्या करवंटी खवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गमरे दात घासत होते तेव्हा दारात शौकतभाईंची गाडी थांबली. ते उलव्याहून एकटेच आले होते. दुकानातलाच शर्ट अंगावर होता, बाहीवर सिमेंट होतं. आपा पडवीत उभ्या होत्या. भावाने बहिणीकडे पाहिलं नाही, बहिणीने भावाकडे. दोघंही अंगणातल्या गमऱ्यांकडे पाहत होते, आणि गमऱ्यांच्या तोंडात फेस होता.

"गुडघ्याला काय झाला?" शौकतभाईंनी हवेत विचारलं. गुडघ्याचं त्यांना मुझम्मिलकडून कळलं की त्यांनी तिला चालताना पाहिलं, हे गमऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

"म्हातारपन झाला," आपाही हवेतच म्हणाल्या. "आत ये. उन्हात काय उभा हायस."

ऊन अजून आलं नव्हतं. शौकतभाई आत गेले. आपांनी सकाळी सकाळी पुलाव केला होता, मोठ्या टोपात. ताट वाढलं आणि त्या समोर, भिंतीला टेकून बसल्या. मुझम्मिल दारात येऊन थांबला. गमऱ्यांनी तोंड धुतलं आणि तेही थांबले. शौकतभाईंनी घास घेतला, दुसरा घेतला. ते खाली पाहून खात होते, आणि मध्येच त्यांनी सिमेंटच्या बाहीने डोळे पुसले.

"कसा झालाय?" आपांनी विचारलं.

शौकतभाईंनी ताट पुढे सरकवलं.

"आनखी वाढ," शौकतभाई म्हणाले.

आपा उठल्या. पळीभर भात वाढताना त्यांनी भावाच्या डोक्यावर टपली मारली, ती जरा जोरातच बसली. मग त्यांनी बटव्यातून किल्ली काढून गमऱ्यांच्या हातात ठेवली. "घे तुझी सायकल. आता चढव कुठं चढवायची ती."

गमऱ्यांना वाटलं होतं की आता आपण आणि घाट. पण शौकतभाई म्हणाले, मी गाडी घेऊन मागून येतो, आणि लगेच आपांनी चपला घातल्या. शौकत गाडी घेऊन मागून येणार असेल तर मीही येते, केळघरची वाट बघून किती वर्षं झाली, असं म्हणून त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि गाडी चालवायला मुझम्मिलला बसवलं. त्यामुळे केळघरचा घाट गमऱ्यांनी पुढे सायकल, मागे पहिल्या गिअरमध्ये पांढरी गाडी आणि गाडीच्या खिडकीतून सल्ले, अशा थाटात चढायला घेतला.

रस्ता दाट झाडीतून वर जात होता. गमरे उभे राहून पायडल मारत होते, कारण बसण्यासारखी परिस्थिती कालपासूनच राहिली नव्हती. मागून आवाज येत होते.

"त्याला बोल, सावलीतून जा."

"सावलीतूनच चाललाय तो, आपा."

"लयच हळू जातो रे. आजारी हाय काय?"

"खिडकी बंद कर. त्याला ऐकू जातं."

गमऱ्यांना ऐकू जात होतं. त्या अपमानाच्या जोरावर त्यांनी तीन वळणं काढली. चौथ्या वळणावर अपमान पुरेना. सायकल जागच्या जागी डुलली आणि त्यांनी पाय टेकले. समोर रस्ता वर, झाडांत जाऊन वळत होता. गमरे हँडलवर डोकं ठेवून उभे राहिले. बेलापूरचं कार्यालय, उलव्याची सोसायटी, आणि शाळेच्या वाटेवरचं ते टेकाड, सगळं कुठेतरी लांब गेलं होतं.

गाडीचं दार वाजलं. शौकतभाई उतरून आले. शौकतभाईंनी काही सल्ला दिला नाही, गाडीत बसा असंही म्हटलं नाही. ते शेजारी उभे राहिले. "चला साहेब, पाय मोकळे करू," एवढंच म्हणाले.

गमऱ्यांनी सायकल हातात धरली आणि दोघं चालू लागले.

"मीठ खरंच कमी होतं," शौकतभाई हळूच म्हणाले.

"मुझम्मिलही म्हणाला."

"आज पन कमी होतं."

गमऱ्यांना हसू आलं आणि दम लागला. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना थांबावं लागलं. मागून गाडीने हॉर्न दिला. आपा काहीतरी विचारत होत्या. शौकतभाईंनी हात हलवला आणि दोघं पुन्हा चालू लागले.

माथ्यावर वारा होता. झाडी संपून पलीकडची खोरी दिसत होती, रोह्याकडे उतरत जाणारा रस्ता दिसत होता. मोबाईलला रेंज आली आणि लगेच संघमित्राबाईंचा फोन आला. गमऱ्यांनी त्यांना सगळं सांगितलं. बटव्यातली किल्ली सांगितली, शुक्रवारची खोली सांगितली, गुडघा सांगितला, शर्टच्या बाहीवरचं सिमेंट सांगितलं. संघमित्राबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शाळेत त्या असं कोणाचं ऐकत नसत.

"आणि तुम्ही?" शेवटी त्यांनी विचारलं. "चढलात का घाट?"

गमऱ्यांनी तोंड उघडलं. 'हो' हा शब्द तयार होता, महिनाभरापासून तयार होता.

"अर्धा," ते म्हणाले. "अर्धा सायकलवर. उरलेला चालत, शौकतभाईंबरोबर."

"बरं केलंत," संघमित्राबाई म्हणाल्या. "आता सावकाश या."

शौकतभाई सायकल गाडीवर बांधायला दोरी काढत होते. गमऱ्यांनी मान हलवून नको म्हटलं. ऑफिसची पँट त्यांनी वर खोचली, सीटवर टेकले आणि सायकल सोडली. पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक धरला, दुसऱ्यावर अर्धवट धरला, तिसऱ्यावर वारा शर्टात शिरला आणि शर्ट पाठीवर फुगला. झाडं दोन्ही बाजूंनी मागे जाऊ लागली. मागून मुझम्मिलने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. रस्ता अरुंद होता आणि गमरे बरोबर मधून चालले होते. बाजूला व्हायची त्यांना काही घाई नव्हती.